एका ओळीची जागा

"कुंकू घ्या, काजळ घ्या, फणी घ्या गं फणी,
परमेश्वर आला दारी, पुढं या गं कुणी!"

ही हाळी रुद्राणीच्या कानांत अजून जागी होती. सायकलच्या दांडीवर बसलेली सहा वर्षांची पोर, मागं मामाची छाती. त्या छातीतून उठलेला आवाज आधी तिच्या पाठीला कळायचा, मग कानाला. पाटोद्याचा बाजार उरकला की परमेश्वरमामा वाटेवरच्या गावांतून अशीच हाळी देत यायचा. बाया उंबऱ्यावर येऊन हसायच्या, "देवा, आज लई उशीर केलास!" म्हणायच्या. आईबापाविना उरलेली भाची त्यानं कुंकवाच्या पुड्या विकून वाढवली, बारावीपर्यंत शिकवली, आणि सोळा वर्षांपूर्वी चौसाळ्याच्या शेट्यांच्या घरात दिली.

त्या लग्नाच्या पत्रिकेत मामाचं नाव नव्हतं.

नवं धोतर नेसून तो मांडवाच्या दारात आला, तेव्हा सोयऱ्यांतल्याच एकानं पत्रिका त्याच्या नाकासमोर फडकवली होती. "परमेश्वरा, तुजं नाव कुठं हाय बे ह्याच्यात?" मामानं पत्रिका घेतली. आधी पुढून वाचली, मग उलटून मागून वाचली, जणू चुकून पाठीमागं छापलं असेल. भाचीच्या पाठीशी उभा राहिला, अक्षता पडल्या, आणि पंगत बसायच्या आत सायकल घेऊन निघून गेला. शेट्यांच्या घरचं पाणी त्यानं पुन्हा तोंडाला लावलं नाही. तीन वर्षांमागं गेला, तोही तसाच, तहानेला.

पत्रिका छापली होती सासऱ्यानं. वैजिनाथअप्पानं. तेव्हा कुणीतरी विचारलं होतं, "अप्पा, पोरीच्या मामाचं नाव कावून न्हाई?" अप्पा दुसरीकडं बघत म्हणाला होता, "जागा नव्हती."

दोन शब्द. रुद्राणीनं ते सोळा वर्षं रोज दळले आणि रोज त्यांचं पीठ कडूच निघालं.

कारण हा वैजिनाथ शेटे कुणी नवशिका छापखानेवाला नव्हता. चौसाळ्याच्या हमरस्त्यावरच्या त्या दहा बाय बाराच्या दुकानात त्यानं चाळीस गावांची लग्नं छापली होती. कोणत्या गावात पाटलाचं नाव आधी आणि कोणत्या गावात देशमुखाचं, कोणत्या दोन भावांचं बांधावरून वाकडं आहे म्हणून एकाला 'निमंत्रक'मध्ये आणि दुसऱ्याला 'स्वागतोत्सुक'मध्ये ठेवायचं, कोणत्या पुढाऱ्याच्या नावाखाली कोणता पुढारी चालतो आणि कोणता चालत नाही, हे सगळं त्याच्या डोक्यात. कागदावर एक अक्षर नाही. लोक नुसतं म्हणायचे, "अप्पा, लग्न हाय," आणि अप्पा विचारायचा, "गाव कोणतं?" बास. तेवढ्यावर पत्रिका उभी राहायची. अशा माणसाच्या हातून घरात येणाऱ्या सुनेच्याच मामाचं नाव सुटतं? चुकून? अख्ख्या तालुक्यात एकाचाही यावर विश्वास बसला नव्हता. रुद्राणीचा कसा बसावा?

अक्षरं जुळवायचे शिशाचे खिळे गेले, पायानं चालवायचं यंत्र भंगारात गेलं. दुकानात कॉम्प्युटर आला, तोही विजेच्या खालीवर होण्यानं जळाला. मग रुद्राणीचा नवरा संगमेश एक मोठा टॅबलेट घेऊन आला. वीज गेली तरी चालतो, पत्रिका जुळवली की तिथूनच बीडच्या छपाईवाल्याला पाठवता येते. रुद्राणीचं बोट त्या काचेवर असं फिरायचं की गिऱ्हाईक पत्रिका सोडून बोटच बघत बसायचं. वेलबुट्टी इथं, गणपती तिथं, नवरानवरीची नावं मधोमध सोन्यासारखी. आणि अप्पा? अप्पाचे दोन्ही हात आठ-नऊ वर्षांपासून उघड कापताना दिसत होते. बीडच्या डॉक्टरनं कंपवात सांगितला होता, दुपारची एक गोळी दिली होती. अप्पानं काचेला बोट लावलं की ते तीन-तीनदा लागायचं. एक अक्षर मागावं तर तीन यायची.

"त्या पाटीला माझं बोट कळत न्हाई," अप्पा म्हणायचा. टॅबलेटला तो पाटीच म्हणायचा.

रुद्राणी मनात म्हणायची, बरं झालं.

मग दोघांचं असं चालायचं. नावांचा क्रम अप्पाला माहीत, पण तो तिला आधी सांगायचा नाही. गिऱ्हाईक समोर बसलं, चहा आला, रुद्राणीनं पत्रिका दाखवायला वळवली की मग खुर्चीतून अप्पाचा आवाज यायचा, हवेला उद्देशून. "थोरल्या चुलत्याला खाली टाकलंय कुणीतरी. ह्या गावात थोरला चुलता खाली जात न्हाई." गिऱ्हाईक रुद्राणीकडं बघायचं. तिचे कान तापायचे. ती नाव वर घ्यायची. तिचं नाव घेऊन तो कधी बोलत नव्हता. गिऱ्हाईकासमोर 'सूनबाई', एरवी 'कुणीतरी'. आणि ती? ती त्याच्याशी बोलायचीच नाही. चहाचा कप त्याच्या टेबलावर ठेवताना इतकाच आवाज करायची, की कळावं, ठेवलाय.

दिवाळीनंतर तुळशीची लग्नं लागली, पत्रिकांचा हंगाम उघडला आणि संगमेश बीडहून एक माऊस घेऊन आला. सोबत बोटभर वायरची जोडणी.

"ह्याचं काय काम?" अप्पानं विचारलं. "ती बोटाची पाटी हाय ना?"

"लावून तर बघा."

संगमेशनं जोडणी टॅबलेटच्या बुडाला खोचली, तिच्यात माऊसची वायर घातली. काचेवर एक पांढरा बाण उमटला. अप्पानं पंच्याची घडी करून टेबलावर ठेवली, तिच्यावर मनगट टेकवलं आणि माऊसवर हात ठेवला. हवेत फडफडणारा तो हात टोपलीखाली झाकलेल्या कोंबडीसारखा हळूहळू गप झाला. बाण सरकला. एका नावावर थांबला. अप्पानं डावं बटण दाबलं, आणि नावाभोवती निळी चौकट आली. एकदाच. तीनदा नाही.

अप्पाच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बघवेना म्हणून रुद्राणी उठली आणि विनाकारण बाहेर जाऊन रस्त्यावरचे ट्रक बघत उभी राहिली.

पहिले तीन दिवस तिला मजा आली. अप्पा चुकून उजवं बटण दाबायचा, आणि त्या टॅबलेटला उजवं बटण म्हणजे 'मागं चल'. जुळत आलेली पत्रिका क्षणात मिटून जायची.

"संगमेश, पाटी मिटली रे!"

संगमेश ऑर्डरी गोळा करत कुठं लिंबागणेशला, कुठं पाटोद्याला. दुकानात रुद्राणी. तिला माहीत होतं कुठलं बटण. ती नखं बघत बसली. चौथ्या दिवशी अप्पानं स्वतःच ओळखलं, औषधाच्या डब्यातून चिकटपट्टी काढली आणि उजव्या बटणावर अशी चिकटवली की वाटावं माऊसलाच जखम झाली आहे. त्यानंतर पाटी मिटली नाही.

आणि मग खरी झुंज लागली. टॅबलेट एकच. रुद्राणीचं बोट वरून, अप्पाचा बाण आतून. ती माजी सरपंचाचं नाव वर सरकवायची, की बाण यायचा, नावाला चिकटायचा आणि ओढत खाली न्यायचा. ती पुन्हा वर. बाण पुन्हा खाली. दुकानात फक्त पंख्याचा आवाज, आणि काचेवर एका बिचाऱ्या माजी सरपंचाची फरपट.

"काय चाललंय तुमचं?" संगमेश दारातूनच ओरडला होता. "एका पाटीवर दोन कोंबडे झुंजवताय व्हय?"

"इचार तिला," अप्पा म्हणाला, "माजीला आजीच्या वर कावून बसवायलीय."

"त्यांना सांगा," रुद्राणी नवऱ्याला म्हणाली, "माजीचं वय जास्त हाय."

संध्याकाळी गिऱ्हाईक आलं. अप्पाचंच खरं निघालं. माजी सरपंच नवरीच्या नात्यात होता, पण गेल्या पंचायतीपासून दोन घरांत विस्तव जात नव्हता. त्याला वर ठेवला असता तर नवरीकडच्यांनी पत्रिका फाडली असती.

"सांग तिला," अप्पा पोराला म्हणाला, "अक्षर सुंदर असून भागत न्हाई. माणूस वळखावा लागतो."

"तुमी वळखलाव लई माणसं," रुद्राणीच्या तोंडून निसटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सरळ त्याच्याकडं बघून.

अप्पाला कळलं ती कोणाबद्दल बोलते आहे. माऊसवरचा हात त्यानं मांडीवर घेतला. मग भिंतीकडं बघत, दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाला, "ज्या दिवशी माझ्या हातनं एक नाव चुकंल, त्या दिवशी ह्या टेबलावरनं उठीन. पुन्हा ह्या दुकानाची पायरी चढणार न्हाई. हाय का कबूल?"

संगमेश म्हणाला, "अप्पा, असं काय बोलताव." कबूल रुद्राणीनंच केलं होतं, मनात, एका श्वासात. एक नाव. फक्त एक. मामाच्या नावाच्या बदल्यात हे टेबल.

दुसऱ्या दिवशी अप्पा जेवायला घरी गेला तेव्हा तिनं टॅबलेटच्या सेटिंगमध्ये जाऊन माऊस शोधला. तिथं एक आडवी रेघ होती, रेघेवर एक ठिपका. बाणाचा वेग. संगमेशनं तो पार डावीकडं, गोगलगायीच्या चालीवर ठेवला होता. तिनं तो उजवीकडं सरकवला. एवढंच. एका बोटाचं काम.

त्या दिवसापासून बाण पिसाळला. हात तसूभर हलला की बाण वीतभर उडायचा. गप झालेली कोंबडी टोपलीखाली पुन्हा धडपडायला लागली. अप्पानं पंच्याची घडी जाड केली. मग डाव्या हातानं उजवं मनगट दाबून धरायला लागला. खालचा ओठ दातांत. एकेका नावाला पाव पाव तास. पण चुकेना. चुकू देईना. संगमेशला चकार शब्द सांगेना. फक्त एक बदल झाला. दुपारची गोळी एक होती, तो दोन घ्यायला लागला. रुद्राणीनं पाहिलं. कीव वर येत होती, तिनं ती तिथंच दाबली. जागा नव्हती, म्हणाली ती स्वतःला.

असे दहा दिवस गेले, आणि विठ्ठलरावांच्या नातीची पत्रिका आली.

विठ्ठलराव म्हणजे पाच गावांचा पुढारी. दोनदा पंचायत समितीवर, एकदा पडलेला. पत्रिका तीन पदरी, नावं एकशे अकरा. चार वाजता बीडला यंत्रावर चढायची, म्हणून त्याच्या आत विठ्ठलराव स्वतः येऊन बघणार होते. सकाळपासून रुद्राणीनं वेलबुट्टी, मजकूर, फोटो बसवले. दुपारी टॅबलेट मधल्या टेबलावर उभा केला आणि अप्पानं माऊस धरला. आता नावांचा क्रम. हे त्याचं काम.

ती कपाटाजवळ नमुन्याच्या पत्रिका लावत होती, पण नजर काचेवर. बाण थरथरत, उडत, परत येत एकेका नावाला शिवत होता. आशीर्वाद झाले. प्रमुख उपस्थिती झाली. बाण 'वधूचे मामा' या ओळीपाशी आला. श्री. बिभीषण, लिंबागणेश. ती ओळ केसभर डावीकडं घ्यायची होती, इतकंच. अप्पानं बटण दाबलं. निळी चौकट आली. आणि हात हलला.

बाण ओळीला घेऊन असा सुटला की पत्रिकेच्या काठाबाहेर गेला. ओळ दिसेनाशी झाली. प्रमुख उपस्थितीच्या खाली एक पांढरी पट्टी उरली, दात पडल्यासारखी.

अप्पानं बाण काठावर नेला. काही नाही. पुन्हा नेला. ओळ बाहेर होती, आणि बाहेरचं आत कसं आणायचं हे त्याला ठाऊक नव्हतं. रुद्राणीला ठाऊक होतं. दोन टिचक्यांचं काम. तिच्या हातात पत्रिकांचा गठ्ठा तसाच राहिला. अप्पानं मान वळवून दाराकडं पाहिलं. मग कपाटाकडं. ती पत्रिकांत बघत असल्यासारखी वाकली. तेव्हा तिनं तिरक्या नजरेनं पाहिलं, की अप्पानं खालची ओळ धरली, दोन्ही हातांनी माऊस दाबून, आणि हळू, फार हळू वर सरकवली. पांढरी पट्टी बुजली. जणू तिथं कधी कुणी नव्हतंच.

रुद्राणीनं गठ्ठा कपाटात ठेवला. चुकलं. एक नाव चुकलं, आणि म्हाताऱ्यानं ते झाकलं. असंच झाकलं असेल तेव्हाही. आता तिला काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं. पत्रिका छापून गावोगाव जाईल, आणि लिंबागणेशहून एक मामा ती पुढून वाचेल, मागून वाचेल, आणि पाच गावं या दुकानात येऊन अप्पाला उठवतील.

तेवढ्यात दाराशी गाडी थांबली.

"हाय का घरात छापखाना?" विठ्ठलराव आले, मागं त्यांच्या बायको बायनाबाई, डोक्यावर पदर आणि डोळ्यांत सगळं बघून घ्यायची घाई. "अप्पा, आमचं नाव वरून कितवं?"

"नाव कशाला, फोटोच टाका म्हणा वरपासून खालपर्यंत," बायनाबाई म्हणाल्या. "नवरी तुमीच हाव जनू."

"तू गप. बघू बाई, वाचून दाखव. चष्मा गाडीतच ऱ्हायला."

रुद्राणीनं वाचायला घेतलं. आवाज कापू नये म्हणून मोठ्यानं. आशीर्वाद वाचले, प्रमुख उपस्थिती वाचली. एकेका पुढाऱ्याच्या नावाला विठ्ठलराव मान हलवत होते, जसं कुणी नाडी बघतंय. मग ती त्या जागेवर आली, आणि थांबली नाही. वरच्या ओळीवरून खालच्या ओळीवर गेली, जसं ओढ्यावरून उडी मारावी.

"आमच्या सुनंच्या माहेरची हायती ना समदी?" बायनाबाईंनी विचारलं. "लई नाकाची माणसं हायती ती."

रुद्राणीनं अप्पाकडं पाहिलं. अप्पा माऊसवरच्या चिकटपट्टीकडं बघत होता.

"अप्पांनी बघितलंय," ती म्हणाली.

"मग झालं की!" विठ्ठलराव खुर्चीत रेलले. "वैजिनाथअप्पाची नजर गेली म्हंजी काय बघायचं ऱ्हातंय? चाळीस वर्षं छापतंय माणूस. एक नाव चुकलं न्हाई."

"चुकलंय," रुद्राणी म्हणाली.

आपण बोललो हे तिला बोलल्यावर कळलं. पंखा फिरत होता. अप्पाची मान वर झाली.

"चुकलंय की एक," ती म्हणाली. "सोळा वर्षांमागं. इचारा त्यांना."

विठ्ठलराव क्षणभर गोंधळले, मग मांडीवर थाप मारून हसले. "ते व्हय! अगं, ते चुकलं न्हाई, ते गाळलं! तालुक्याला ठावं हाय. कुंकू-काजळ घ्या म्हणून बाजारात वरडत फिरणारा सोयरा. शेट्यांच्या कार्डावर तो कसा शोभावा? अप्पानं बराबर केलं. नावाला इज्जत असती. काय अप्पा?"

"अवो," बायनाबाई पुटपुटल्या, "तिच्या तोंडावर..."

"खरं तेच बोलतोय. अप्पा, मी तवाच म्हणलं हुतं, माणूस पक्का हाय. चला, पाठवा बाई. चार वाजत आले."

रुद्राणीच्या डोळ्यांपुढं काच धूसर झाली. पाठवायचं बटण हिरवं होतं, तेवढं दिसत होतं. म्हणजे खरंच. म्हणजे हा सगळ्यांच्या तोंडचा हसण्याचा विषय होता, आणि या म्हाताऱ्याला त्यासाठी शाबासकी मिळत होती, तिच्यासमोर, मामाच्या मागं. तिनं अंगठा त्या हिरव्या बटणावर नेला. जा म्हणाली मनात. सगळंच जा.

"थांब."

अप्पाचा आवाज इतका बारीक होता की बायनाबाईंनी मागं वळून पाहिलं, दुसरं कुणी आलं का.

"थांब पोरी. बोट उचल." अप्पानं माऊसवरचा हात काढला. हात हवेत उठला आणि फडफडायला लागला, आणि आज त्यानं तो लपवला नाही. "बिभीषणची ओळ न्हाई त्याच्यात. काठाच्या भाईर गेली. माझ्या हातनं."

"अगं बया!" बायनाबाईंनी कपाळाला हात लावला. "सुनंचा सख्खा भाऊ! कार्ड गेलं असतं तर मांडव पेटला असता आमचा!"

विठ्ठलराव उठून उभे राहिले. "अप्पा? तुमी बघितलं हुतं ना?"

"बघितलं. झाकलं. खालची ओळ वर घेतली न् गप बसलो." अप्पा टेबलाला धरून उठायला लागला. "संगमेश आला की सांगा त्याला. मी उठलो म्हणावं टेबलावरनं."

हेच हवं होतं तिला. हेच, सोळा वर्षं. अंगठा अजून काचेवर अधांतरी होता, आणि तो खाली यायच्याऐवजी तिची जीभच सुटली.

"बाणाचा वेग मी वाढवलता."

कुणालाच काही कळलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं, अप्पाकडं बघून. "माऊसचा. दहा-अकरा दिवसांमागं, तुमी जेवायला गेलतात तवा. म्हणून बाण उडतोय तसा. तुमी चुकावं म्हणून मी केलं."

अप्पा अर्धा उठलेला तसाच राहिला. "तू?"

"हाव. मी."

"मला वाटलं..." त्यानं आपल्या हाताकडं पाहिलं, जसं कुणी दूरदेशाहून आलेल्या माणसाला ओळखू बघतं. "मला वाटलं, हात गेला. दोन-दोन गोळ्या घेत होतो मी. रातच्याला उठून ह्याच्याकडं बघत बसायचो." तो खुर्चीत परत बसला, टेकला.

रुद्राणीनं दोन टिचक्यांत ओळ काठावरून आत ओढली आणि तिच्या जागी बसवली. वधूचे मामा, श्री. बिभीषण, लिंबागणेश. हे करताना तिनं कुणाकडं पाहिलं नाही.

"हे काय खूळ चाललंय?" विठ्ठलराव तापले. "आमच्या नातीचं लग्न हाय का तुमच्या सासऱ्या-सुनेचा तमाशा? एकानं झाकायचं, दुसरीनं यंत्र बिघडवायचं. बीडला लई छापणारे हायती, सांगून ठेवतो. आन् अप्पा, तुमी येवढे पक्के गडी. कुणाला कार्डावर घ्यायचं न् कुणाला गाळायचं हे तुमच्याकडनं शिकावं, आन् तुमीच..."

"तुमी गप बसा हो जरा, विठ्ठलराव."

पाच गावांच्या पुढाऱ्याला असं कुणी बोललं नव्हतं. बायनाबाईंनी त्यांचा सदरा धरून त्यांना खाली बसवलं.

अप्पा रुद्राणीकडं वळला. भिंतीकडं नाही, हवेकडं नाही.

"गाळलं न्हाई मी," तो म्हणाला. "त्या साली सुगीपासनं हात कापायला लागलता. कुणालाच ठावं न्हवतं, तुझ्या सासूला बी न्हाई. बोटं धोतरात दाबून बसायचो. तुझ्या लग्नाचं कार्ड मीच जुळवलं, एकट्यानं, दार लावून. मामाची ओळ जुळली, उचलली, न् हात हलला. खिळे समदे फरशीवर. पुन्हा वेचले, पुन्हा जुळवली, पुन्हा पडली. तिसऱ्यांदा हात धजलाच न्हाई. खालची ओळ वर सरकवली न् छापून टाकलं. लोक म्हणले, गाळलं. म्हणू दिलं. शेटे माजला म्हणलेलं चालत हुतं मला. वैजिनाथाच्या हातनं खिळे पडत्यात, हे न्हाई चाललं."

त्यानं पंचा उचलून तोंड पुसलं.

"तुझ्या माहेरी गेलतो मी, मामाच्या दारापतुर. दोनदा. पहिल्यांदा त्याची सायकल दिसली भिंतीला टेकलेली, तिथनंच वापस आलो. दुसऱ्यांदा तो भाईर आला, मला बघितलं, आन् कायबी न बोलता बसायला पोतं हातरलं. मी बसलो त्याच्याजवळ अर्धा तास. पाऊसपाण्याचं बोललो, बाजाराचं बोललो. हे न्हाई बोललो."

रुद्राणीनं सेटिंगमधला ठिपका परत गोगलगायीच्या चालीवर नेला आणि माऊस अप्पाच्या हाताखाली सरकवला.